मागची आवृत्ती

भिंगरी दोन दिवसांसाठी आली आणि जाताना काकाचा संगणक नवा करून गेली. यंत्र तेच, टेबल तेच, बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या कळाही त्याच. आतली ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी तिने बदलली.

"जुनीला आता कंपनीसुद्धा विचारत नाही," ती म्हणाली. "घराला कुलूप न लावता गावाला जाण्यासारखं आहे ते."

काका म्हणजे कानसेन. हे त्यांचं टोपणनाव छापखान्यातल्या मंडळींनी ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं होतं, की दारावरच्या पाटीखेरीज त्यांचं खरं नाव आता कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. ते मुद्रितशोधक होते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे त्यांचं काम. पस्तिशी ओलांडली तशी त्यांची नजर जायला लागली, आधी कडेकडेने, मग मधूनही, आणि सगळ्यांनी धरलं की आता यांचा धंदा बसला. पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा संगणक त्यांनी मिळवला आणि जे काम डोळ्यांनी करायचे ते कानांनी करायला लागले.

त्या संगणकाचा आवाज म्हणजे एक प्रकरणच होतं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत आणि त्यातून शब्द पडावेत, तसा. पण तो एक गोष्ट चोख करायचा. जे लिहिलंय तेच म्हणायचा. पहिली वेलांटी दिसली की शब्द तिथल्या तिथे तोडायचा, दुसरी दिसली की ताणून धरायचा. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बापुडा, बोलताना आपण दोन्ही सारखेच म्हणतो. तो पत्र्या तसं कधी म्हणायचा नाही. कानसेन त्याला कानात घालून तिप्पट वेगाने पळवायचे. बाहेरच्या माणसाला ती नुसती कटकट वाटली असती. त्यांना त्यात एकेक काना, एकेक मात्रा सुटी ऐकू यायची, आणि चुकीचं अक्षर आलं की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

नव्या सिस्टिमबरोबर नवा आवाज आला. बाईचा. मऊ, जरा खालच्या पट्टीतला, वाक्य संपताना किंचित श्वास सोडणारा. भिंगरीने एक उतारा लावून दाखवला.

"कसा आहे?"

"माणसासारखा आहे," कानसेन म्हणाले.

"मग. तू आपला इतकी वर्षं त्या डबड्याशी संसार केलास."

ती गेली. जिन्यावरून खाली उतरणारी तिची पावलं, तिच्या बॅगेची चाकं, मग खालचं फाटक. मग काही नाही.

एके काळी भाऊ, वहिनी, भिंगरी आणि कानसेन अशी चार माणसं एका घरात नांदत होती. भाऊ गेला, भिंगरीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, मागोमाग वहिनी तिच्याकडे गेल्या. "तुम्हीही चला भावजी," असं वहिनी मनापासून म्हणाल्या होत्या. पण इथलं सगळं त्यांना पाठ होतं, जिन्याचा हलणारा कठडा, कोपऱ्यावरचं पावाचं दुकान, रस्ता ओलांडायची जागा. नव्या शहरात ते पुन्हा पहिल्यापासून पाठ करावं लागलं असतं, आणि तोवर कुणाचा तरी हात धरून चालावं लागलं असतं. ते राहिले.

पत्र्याचा आवाज ते नेहमी कानात घालून ऐकायचे, कारण शेजारच्या बाईंनी एकदा भिंतीवर ठोकून सांगितलं होतं, "ते यंत्र जरा आवरा." ही नवी बाई मात्र त्यांनी मोकळी सोडली. स्पीकरवर. खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं. त्या आठवड्यात त्यांच्याकडे दोन कामं होती, एक कादंबरी आणि एका निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचा गौरवग्रंथ. दोन्ही तिने वाचली. वेग वाढवायला त्यांचा हात धजेना. पत्र्याला पळवणं वेगळं. ही शांतपणे वाचत होती, आणि बाईमाणसाला घाई केल्यासारखं त्यांना वाटे. एकदा तर प्रकरण संपल्यावर ते उठले आणि बोलून गेले, "थांबा हं, चहा ठेवतो." मग स्वयंपाकघरात भांडं हातात घेऊन काही वेळ तसेच उभे राहिले.

कामाला वेळ लागत होता, पण दिवस बरे जात होते.

मग प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. बाई त्यांच्या फार जुन्या ओळखीच्या होत्या, डोळे होते तेव्हापासूनच्या.

"कानसेन, तो गौरवग्रंथ छापून आला."

"छान झाला?"

"पानाच्या डोक्यावर जी ओळ आहे ना, 'सेवापूर्ती दिन विशेष', तिथे 'दीन' पडलंय. दुसरी वेलांटी. प्रत्येक पानावर."

कानसेनांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मुख्याध्यापक हसले, तेवढं नशीब. म्हणाले, निवृत्त होतोय हे खरं, पण अगदीच दीन झालोय असं काही नाही." पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. "आतही बऱ्याच चुका आहेत. काही तर अक्षरं गाळलेली. तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं. बरं नाहीये का?"

"बरा आहे."

"मग काही दिवस विसावा घ्या. तुम्हाला पुढे द्यायची ती पंपाची माहितीपुस्तिका आहे ना, ती मी सध्या दुसऱ्या कुणाकडे देते. कादंबरीही पुन्हा एकदा कुणाकडून तरी पाहून घेते. राग मानू नका."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंचा आवाज मऊ होता, आजारी माणसाशी बोलतात तसा.

फोन ठेवून ते टेबलाशी बसले. कोरं पान उघडलं आणि 'दिन' टाइप केलं. "दीन," ती म्हणाली. मग 'दीन' टाइप केलं. "दीन," ती त्याच गोडीने म्हणाली. त्यांनी मुद्दाम 'पुसतक' लिहिलं, स ला त न जोडता. "पुस्तक," ती म्हणाली. 'मुख्याध्यपक' लिहिलं, एक काना गाळून. "मुख्याध्यापक." चूक दिसली की ती मनातल्या मनात सुधारून पुढे जात होती. शहाणी माणसं वाचताना तेच करतात, त्यात तिचं काही वाकडं नव्हतं. एकेक अक्षर सुटं करून विचारलं तर ती सांगायची, पण तसं केलं तर एका पानाला सकाळ जायची आणि पुस्तकाला वर्ष.

इतके दिवस ती त्यांना चांगलं वाचून दाखवत होती आणि त्यांनी एकही चूक ऐकली नव्हती. हे त्यांना आधी कसं कळलं नाही? कळलं नाही, कारण ऐकताना बरं वाटत होतं.

भिंगरी दर रविवारी संध्याकाळी संगणकावरून बोलायची. तिचा स्वयंपाक चालू असे, कॅमेरा चालू असे, आणि दोघं फारसं न बोलताच तासभर एकत्र बसत. मधूनच ती म्हणायची, "काका, स्वेटर उलटा घातलायस," किंवा "दाढी कर आता." त्यांच्याकडे नीट बघणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

त्या रविवारी त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"मग दुसरा आवाज लावू. बरेच आहेत."

"सगळे लावून पाहिले. सगळे शहाणे आहेत."

"आणि तो जुना?"

"या सिस्टिमवर तो चढतच नाही. मी आधीची सिस्टिम घालून घेतो."

"काका, सगळं जग पुढे जातं आणि तू एकटाच मागे."

"एकटाच आहे म्हणून तर बरं. कुठे चाललास म्हणून विचारायला कोण आहे?"

त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं. पलीकडे कढईत उलथनं फिरत होतं, ते थांबलं.

"हे बघ," ती म्हणाली, "जुनी घातलीस तर इंटरनेट जोडायचं नाही. अजिबात नाही. तिच्यावर आता कुणाचं लक्ष नाही, काहीही शिरेल आत. तुझं काम पेनड्राइव्हवरून चालेल. पण हे असं बोलणं बंद होईल."

"फोन आहे की."

त्यांचा फोन बटणांचा होता. काचेच्या फोनवर बोटाला काही लागत नाही म्हणून त्यांनी तसला कधी घेतला नव्हता.

"फोनवर तू दिसतोस का मला?"

"काय बघायचंय सारखं सारखं? तोच आहे मी."

"पुढच्या वेळी येईन तेव्हा बोलण्यापुरतं एक वेगळं छोटं यंत्र आणते," ती म्हणाली. "तोवर थांब ना."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?"

त्यावर तिने सुट्ट्यांचं काहीतरी सांगितलं. तिची काही चूक नव्हती. पण पंपाची पुस्तिका तोवर थांबणार नव्हती, आणि त्यानंतरची पुस्तकंही नाहीत.

कोपऱ्यापलीकडे संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. "लोक माझ्याकडे नवी टाकायला येतात. जुनी टाकायला आलेले तुम्ही पहिलेच."

"जमेल ना?"

"मी नाही टाकत. उद्या काही झालं तर माझ्या नावाने ओरडाल. पेनड्राइव्ह करून देतो, आवाज येण्यासाठी लागते ती साउंडची फाइलही घालून देतो. तुम्हाला माहिती दिसतेय, तुम्ही घरी टाका." मग तो घुटमळला. "फक्त एक आहे. टाकताना ते मुकं असतं. पडद्यावर प्रश्न येतात, पण बोलत कोणी नाही. कुणीतरी डोळस माणूस शेजारी बसवा. दोनएक तास लागतील."

कानसेन घरी आले आणि कुणाला बसवावं याचा विचार करायला लागले. सोपं काम आहे असं त्यांना आधी वाटलं होतं. पाववाला रोज नीट बोलायचा, पण तो दुकान सोडून कसा येणार? प्रकाशनाच्या बाईंना बोलवायचं तर आपलं हसं. छापखान्यातले जुने दोस्त, एक गावी गेला, एक बोलेनासा झालाय असं त्याच्या मुलाने सांगितलं होतं, एक राहिलाच नाही. जिना झाडणारी बाई होती. तिला वाचता येतं का, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. औषधाच्या दुकानातला माणूस, पोस्टमन, खालच्या मजल्यावरचं जोडपं. ओळखीचे आवाज पुष्कळ निघाले. पण ज्याला 'दोन तास माझ्याजवळ येऊन बसा' असं म्हणता येईल, असं त्यात कुणी सापडेना. ते खुर्चीत बसून राहिले. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि तरी त्यांचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजारच्या बाईंचं दार वाजवलं. बाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायच्या, आता निवृत्त झाल्या होत्या. भिंतीवर ठोकलं त्यानंतर त्या दोघांत जिन्यावरच्या 'कोण? हां, तुम्ही' पलीकडे काही घडलं नव्हतं.

"तुम्हाला वेळ आहे का?" त्यांनी विचारलं.

"कशाला, ते सांगा आधी."

त्यांनी सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

"मला बारीक अक्षर फार वेळ वाचवत नाही. डोळ्यांत थेंब घालते मी. मोठी आहेत का अक्षरं?"

"असावीत."

"गॅस बंद करून येते."

त्या आल्या. खुर्ची स्वतः ओढून घेतली. त्यांच्या पदराला खोडरबरासारखा वास होता, किंवा कानसेनांना तसं वाटलं. यंत्र चालू होतं. नवी बाई म्हणाली, "नमस्कार, स्वागत आहे."

शेजारच्या बाई दचकल्या. "ही कोण?"

"हीच ती. हिलाच काढायचंय."

"हे यंत्र आहे?" त्यांची खुर्ची करकरली. "मला वाटलं, तुमच्याकडे कुणी राहायला आलंय. बहीण वगैरे. रोज वाचून दाखवत होती ना तुम्हाला. मनात म्हटलं, चला, बरं झालं एकदाचं."

कानसेनांनी स्पीकर चाचपला. "त्रास झाला असेल तर..."

"त्रास कसला? मी खुर्ची भिंतीला आणून बसायचे. ती दोन बहिणींची गोष्ट ऐकत होते. धाकटी बोटीवर चढते तिथपर्यंत ऐकली, आणि मग माझ्या दारावर कुणीतरी आलं, पुढचं हुकलं. पुढे काय होतं? थोरली तिला सोडायला बंदरावर पोचते का?"

"मला नाही माहीत."

"म्हणजे? तुम्ही वाचलीत ना सगळी?"

"मी गोष्ट ऐकत नाही," कानसेन म्हणाले. "अक्षरं ऐकतो. बंदरात 'ब' वर अनुस्वार होता, एवढं सांगू शकेन."

बाई हसल्या. खोकल्यासारखं कोरडं, छोटं हसू. "भलताच धंदा आहे तुमचा."

"फाइल अजून आहे इथे. काढायच्या आधी तेवढं प्रकरण लावू का?"

"लावा."

त्यांनी लावलं. नवी बाई वाचत होती आणि दोघं जण बंद होऊ घातलेल्या त्या यंत्रासमोर बसून ऐकत होती. थोरली पोचली, पण उशिरा. बोट सुटली होती. मग ती तिथेच मासे उतरवणाऱ्या बायकांत बसून आपला डबा खाते. प्रकरण तिथे संपलं.

"हं," शेजारच्या बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "छान वाचते हो. हिला काढायलाच हवं का?"

"हवं."

"बरं. तुमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. सांगा, काय करू?"

कानसेनांनी यंत्र बंद केलं, पेनड्राइव्ह लावला आणि चालू होताहोता वरच्या ओळीतली कळ दाबून धरली. खोली एकदम मुकी झाली. पंखा तेवढा घरघरत होता. आता त्यांना फक्त बाईंच्या आवाजावर चालायचं होतं.

"काळा पडदा. आता निळा झाला. भाषा विचारतंय."

"पहिलीच असेल ती. एंटर."

"आता नियम आणि अटी. भलं मोठं आहे. सगळं वाचू?"

"नको. ते आजवर कुणीच वाचलेलं नाही."

"खाली लिहिलंय, मला मान्य आहे."

"मान्य आहे."

बाई वाचायला सावकाश होत्या, पण नकाशेवाल्या असल्यामुळे नेमक्या होत्या. वर काय, खाली काय, कोणतं चौकोनात आहे, कोणतं फिकट आहे, सगळं सांगायच्या. एका ठिकाणी मात्र त्या अडल्या.

"इथे म्हणतंय, आधीच नवी आवृत्ती आहे. तिच्यावर जुनी चढवता येणार नाही. पुढे जायचं तर यावरचं सगळं पुसलं जाईल, आणि ते परत मिळणार नाही." त्या त्यांच्याकडे वळल्या असाव्यात, आवाज जवळ आला. "सगळं म्हणजे सगळं. ठेवलंत ना काढून?"

"कामाचं सगळं ठेवलंय."

"बिनकामाचं?"

कानसेनांनी विचार केला. भिंगरीने पाठवलेले निरोप होते. 'काका, आज पाऊस आहे इकडे.' 'काका, आईने तुझ्यासाठी मोजे विणलेत.' असलेच. ते काढून ठेवण्यासारखे आहेत असं त्यांना सुचलंच नव्हतं, आणि आता ते काढायचे तर पुन्हा सगळं बंद करून नव्या बाईला उठवावं लागलं असतं. शेजारच्या बाईंचा वेळ चालला होता. आधीच त्यांना बसवून घेतलेलं.

"नाही काही," ते म्हणाले. "हो म्हणा."

"मी नाही म्हणणार. कळ तुम्ही दाबा."

त्यांनी दाबली.

मग बराच वेळ काही करायचं नव्हतं. पडद्यावर एक हिरवी रेघ पुढे सरकत होती आणि बाई अधूनमधून तिची खबर देत होत्या. तेवढ्यात त्यांनी आपलंही थोडं सांगितलं. गावाखालच्या सगळ्या नळांचे नकाशे त्यांनी हाताने काढले होते. मग ते काम संगणकावर गेलं आणि त्या घरी आल्या. बहीण लांब असते. ती बोलव बोलव म्हणते, पण तिच्याकडे माणसं फार, जीव घुसमटतो. "इथे कमी पडतात आणि तिथे जास्त होतात," त्या म्हणाल्या. "कुठे बसावं कळत नाही." कानसेनांनी मान डोलावली. मग बाईच म्हणाल्या, "चला, रेघ पुरी झाली."

यंत्र सुरू झालं, पण आवाज आला नाही. त्यांनी कळा दाबून पाहिल्या. काही नाही. नवी गेली आणि जुना आलाच नाही, तर मग काय उरलं? मग त्यांना साउंडच्या फाइलची आठवण झाली. बाईंनी पडद्याला नाक लावून ती शोधली, दोनदा चुकीची उघडली, एकदा चिडून "हे कसलं बारीक लिहिलंय" म्हणाल्या, आणि शेवटी बरोबर सापडली. त्यानंतर कानसेनांनी आपला जुना आवाज पेनड्राइव्हवरून चढवला.

"तयार," पत्र्या म्हणाला.

"अगं बाई," शेजारच्या बाई म्हणाल्या. "हाच होता होय तो. भांडं खरवडल्यासारखा."

कानसेनांनी 'दिन' टाइप केलं. पत्र्याने ते खटकन तोडलं. 'दीन' टाइप केलं. त्याने ते लांबलचक ताणलं. 'पुसतक' लिहिलं, तर "पु-स-तक" असं तो निर्लज्जपणे म्हणाला. कानसेन हसत सुटले. बाई उठल्या, खुर्ची जागेवर ठेवली, आणि त्यांना चहा विचारायचं सुचेपर्यंत दाराशी पोचल्याही होत्या.

"आता कानात घालूनच ऐका," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं.

काम पूर्वीच्या वळणावर आलं. कानसेनांनी गौरवग्रंथाची फाइल कुणी न सांगता पुन्हा तपासली आणि सगळ्या चुका प्रकाशनाच्या बाईंना कळवल्या. बाईंनी थोडे दिवस घेतले, पण पंपाची पुस्तिका शेवटी त्यांच्याकडेच आली. तिच्या मागोमाग एक व्याकरणाचं पुस्तक आलं, मग एक नवी कादंबरी. पत्र्या तिप्पट वेगाने धावत होता. खडे दाताखाली येत होते.

रविवारी भिंगरी फोन करायची. संगणकावर ती भाजी चिरायची आणि ते नुसते बसायचे, तसं फोनवर जमेना. फोनवर जरा कुणी गप्प झालं की दुसरा म्हणतो, "हॅलो? आहेस ना?" म्हणून दोघं सारखं काही ना काही बोलत राहायचे, आणि बोलण्यासारखं संपलं की फोन ठेवायचे. तो हल्ली लवकर संपायचा.

"दाढी केलीस का?" ती विचारायची.

"केली," ते म्हणायचे. कधी केलेली असायची, कधी नसायची.

"खोटं बोललास तरी मला काय कळणार आहे?" एकदा ती म्हणाली. त्या दिवशी तिचा आवाज थकलेला होता. तिचे जुने निरोप पुसले गेल्याचं त्यांनी तिला सांगितलं नाही. तिने ते लिहिल्याचं तिला आठवतही नसेल, आणि आठवत असेल तर आणखी वाईट.

भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. इकडूनही काही जात नव्हतं. बाई जिन्यावर भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "सध्या काय चाललंय?"

"पंपाची माहितीपुस्तिका."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

नवी कादंबरी आली त्या आठवड्यात कानसेनांनी एक वेगळंच केलं. पहिल्या प्रकरणाच्या चुका काढून झाल्यावर ते पुन्हा सुरुवातीला गेले, वेग अगदी कमी केला आणि नुसती गोष्ट ऐकायला बसले. सोपं नव्हतं ते. सावकाश बोलताना पत्र्या जास्तच भेसूर वाटायचा, आणि त्यांचं मन सारखं वेलांट्यांकडे पळायचं. चौथ्या पानावर एक राहून गेलेला अनुस्वार त्यांना सापडला. तो दुरुस्त केला, तोवर कोण कुणाला काय म्हणालं ते विसरायला झालं. पुन्हा मागे जावं लागलं. संध्याकाळपर्यंत एवढं लागलं हाताला: एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा आहे, त्याला ऐकू येईनासं झालंय, आणि ते तो बायकोपासून लपवतोय. बायकोला ते कधीचंच ठाऊक आहे. गोष्ट चांगली होती. इतक्या वर्षांत आपल्या हाताखालून अशा किती गेल्या असतील, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी ती मनात दोनदा घोळवली, कुठून सुरुवात करायची ते ठरवलं, सदऱ्याच्या गुंड्या चाचपून पाहिल्या आणि शेजारचं दार वाजवायला गेले. हात दारावर जाण्याआधीच कडीला लागला. कडीला कुलूप होतं.

जिना झाडणाऱ्या बाईकडून दुसऱ्या दिवशी कळलं, त्या बहिणीकडे गेल्या होत्या. कधी येणार ते त्यांनी सांगितलं नव्हतं. सामान मात्र थोडंच नेलं होतं.

"निरोप ठेवायचाय का काही?" तिने विचारलं.

"नाही, तसं काही नाही," कानसेन म्हणाले. मग घरात जाता जाता वळले. "तुम्हाला वाचता येतं का हो?"

"येतं की. का?"

"सहज विचारलं."

घरात येऊन त्यांनी दुसरं प्रकरण उघडलं. आधी तिप्पट वेगाने, चुकांसाठी. मग वेग कमी करून, गोष्टीसाठी. म्हाताऱ्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं आणि बंद पडलेलं घड्याळ त्याच्या कानाशी धरून म्हणतं, ऐका, चालतंय का. म्हातारा मान हलवतो. कानसेन तिथे थांबले आणि ते वाक्य पुन्हा ऐकलं. शेजारच्या बाई परत येईपर्यंत तिसरंही ऐकून ठेवावं, असं त्यांनी ठरवलं.